‘खाऊनपिऊन सुखी’ म्हणजे नक्की किती?

राजारामपुरीकर: भाचीसाठी स्थळं बघायचं काम सध्या माझ्या गळ्यात आलंय. आठवडाभरात अकरा बायोडाटे वाचले, त्यातल्या सातांत ‘कुटुंब खाऊनपिऊन सुखी’. एकाचा शिरोळ तालुक्यात वीस एकर ऊस आणि जयसिंगपुरात दोन गाळे. दुसरा फौंड्रीत कामाला, भाड्याच्या दोन खोल्या. दोघंही खाऊनपिऊन सुखी! आता या शब्दाचा काय अर्थ लावायचा? आणि ‘सुखवस्तू’ त्याच्या वरचा की खालचा?

गंगावेस: वरचा. पण खरा फरक कोण बोलतंय त्यात आहे. स्वतःला कुणी सुखवस्तू म्हणवून घेत नाही, ते दुसऱ्यानं म्हणायचं. ‘खाऊनपिऊन सुखी’ मात्र माणूस स्वतःबद्दल बिनदिक्कत सांगतो. कुणापुढं हात पसरत नाही हे त्यात आलं, आणि आमच्याकडं उसनं मागायला येऊ नका हेही आलं.

आमच्या आईकडं तिसराच शब्द होता, ‘तालेवार’. मूळ अरबी ‘तालिअ’, म्हणजे उगवता ग्रह, त्यावरून नशीब. तालेवार हा आधी नशीबवान, पैसेवाला नंतर. पण आईच्या तोंडून तो कौतुकानं कधी आलाच नाही. ‘लई तालेवार लागून गेलायस, ताट कोण उचलणार?’ एवढाच त्याचा उपयोग.

उद्यमनगर: ‘गरीब’ही अरबीच. तिकडं अर्थ परका, परमुलखातला. मराठीत आल्यावर पैसा नसलेला तो गरीब, आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात तोही गरीब. ‘पोरगा गरीब आहे हो’ असं मध्यस्थ म्हणाला तर नक्की काय समजायचं?

मी ज्या मशीन शॉपवर होतो तिथं लेथ चालवणारा एक टर्नर होता. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे, ‘गरीब माणूस, एका शब्दानं बोलत नाही.’ पगारवाढीलाही तो बोलला नाही. दुसऱ्या अर्थानं गरीब होता म्हणून पहिल्या अर्थानंही राहिला.

राजारामपुरीकर: टर्नरचं वाईट वाटलं. पण मग सरळ ‘मध्यमवर्गीय’ का लिहीत नाहीत?

पंचगंगा घाट: ‘वर्ग’ म्हटलं की आपल्या कोल्हापुरात आधी जात ऐकू येते म्हणून. शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा हुकूम आठवा. संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांना. मागासलेले कोण, तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वगळून बाकीचे. त्यात कुणाची मिळकत मोजलेली नाही. मागासवर्गीयातला वर्ग आणि मध्यमवर्गीयातला वर्ग, अक्षरं तीच, मापं निराळी.

पैशाचं माप रोजच्या बोलण्यात आणलं ते रेशन कार्डानं. १९९९ साली रंग आले. वर्षाला १५ हजारांपर्यंत पिवळं, तिथून एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं. आमच्या गल्लीत नळावरच्या भांडणात ‘तुम्ही काय बाबा, पांढऱ्या कार्डाची माणसं’ असं मी स्वतः ऐकलंय. शिवीच होती ती.

उद्यमनगर: आणि पिवळं कार्ड असणाऱ्याला कुणी ‘पिवळ्या कार्डाचा’ म्हणत नाही. तोंडावर तरी नाही.

गंगावेस: राजारामपुरीकर, एक करा. त्या सात घरांत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला कुणाकुणाकडं आहे ते हळूच विचारा. दुसरं कुठलं आरक्षण नसलं आणि वर्षाला आठ लाखांच्या आतलं उत्पन्न असलं, की राज्याच्या दाखल्याला चालतं. तहसील कचेरीत दुर्बल, बायोडाट्यात खाऊनपिऊन सुखी आणि वरातीत तालेवार, असा एखादा सापडायचाच.

राजारामपुरीकर: विचारलं. दोघांकडं आहे, त्यातले एक वीस एकरवाले. फौंड्रीवाल्याकडं नाही. म्हणाला, दाखल्याला तीन हेलपाटे पडतात, तीन हजेऱ्या बुडतील.