दहा-अकरा लाखांची ‘स्पोर्टी’ हॅचबॅक: अजून पैसा वसूल आहे का?

ताम्हिणीकर (धागाकर्ता)

सरळ मुद्द्यावर येतो. आपल्याकडे शोरूममध्ये मिळणाऱ्या नव्या वेगवान हॅचबॅक आता पैसा वसूल राहिलेल्या नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

ह्युंदाई आय२० एन लाइन घ्या. ९९८ सीसी टर्बो इंजिन, ताकद १२० पीएस, टॉर्क म्हणजे खेचण्याचा जोर १७२ न्यूटन-मीटर. टाटा अल्ट्रोझ रेसर जून २०२४ मध्ये ९.४९ लाखांपासून आली, तिथेही १२० पीएस आणि १७० न्यूटन-मीटर. आता ऑक्टोबर २०१५ आठवा. आपल्या रांजणगावात बनलेली अबार्थ पुंटो ९.९५ लाख एक्स-शोरूमला १४५ बीएचपी (पीएसच्याच जवळचं माप) आणि २१२ न्यूटन-मीटर देत होती. त्याआधी २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय १०५ पीएस आणि सात गिअरचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेऊन ७.९९ लाखांत आली होती, तीही चाकणची.

म्हणजे दहा वर्षांत गाड्यांमध्ये स्क्रीन मोठी झाली, सनरूफ आलं, पण ताकद मागे गेली. नेहमीच्या अल्ट्रोझ आयटर्बोत ११० पीएस होते. रेसरमध्ये त्यावर फक्त दहा वाढले, बाकी डोळ्यांत भरतात ते पट्टे, काळं छत आणि बॅज. गिऱ्हाईक पैसे पट्ट्यांचे देतंय की इंजिनाचे, हा माझा प्रश्न आहे.

टर्बो_कोथरूड

साफ असहमत. किमतीची तुलना करताना रुपयाची किंमत का सोडली? वर्षाला नुसती ५ टक्के महागाई धरली तरी २०१५ चे ९.९५ लाख म्हणजे २०२५ चे १६ लाखांच्या वर. त्या हिशोबाने आजची एन लाइन अबार्थपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. शिवाय अबार्थमध्ये दोन एअरबॅग होत्या, आज एन लाइनमध्ये सहा आहेत.

आणि ताकद का वाढत नाही याचं कारण कंपन्यांच्या हेतूत नाही, करात आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तरच गाडी ‘लहान’ धरली जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे. यापैकी एक जरी मर्यादा ओलांडली, तर थेट ४० टक्के. अबार्थचं इंजिन १३६८ सीसीचं होतं. तीच गाडी आज कोणी बनवली, तर लांबी चार मीटरच्या आत असूनही ती ४० टक्क्यांत जाईल. मग कोण बनवेल? म्हणून बलेनो आरएस ९९८ सीसी, टियागो जेटीपी ११९९, पोलो जीटी ११९७, एन लाइन ९९८, रेसर ११९९. सगळ्या याच चौकटीत बसवलेल्या. या चौकटीत १२० पीएस काढून वॉरंटी देणं ही हलक्यात घेण्याची गोष्ट नाही.

आधी याच गाड्यांवर सेस धरून २९ टक्के लागत होते. २९ चे १८ झाले म्हणजे किंमत साधारण साडेआठ टक्क्यांनी उतरते. माझ्या मते या गाड्या घ्यायला गेल्या कित्येक वर्षांत इतकी चांगली वेळ आलेली नव्हती.

पिंपरीचा_प्रवासी

कराचा मुद्दा मान्य, पण मग त्याच चौकटीत महिंद्राची एक्सयूव्ही ३एक्सओ पण बसते ना? १.२ टर्बो टीजीडीआय, १३० पीएसच्या आसपास ताकद आणि २३० न्यूटन-मीटर टॉर्क. वर ग्राउंड क्लिअरन्स. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यांत कडक सस्पेन्शनची बुटकी गाडी घेऊन रोज जायचं, आणि वर ताकदही कमी घ्यायची, यात ‘व्हॅल्यू’ कुठे आहे?

नाशिकची_सुसाट

@पिंपरीचा_प्रवासी, दादा, आकडे कागदावर बघून हा निर्णय होत नाही.

मी एन लाइन वापरते, मॅन्युअल. नांदुरीवरून सप्तशृंगी गडावर जाणारा घाट घ्या. वळणं एकाला लागून एक, पुढे एसटी, आणि ओव्हरटेकला मिळणारा रस्ता अगदी तुटपुंजा. अशा वेळी किती पीएस आहेत यापेक्षा पाय दाबल्यावर गाडी लगेच उठते का, हे महत्त्वाचं. या इंजिनाचा पूर्ण टॉर्क १५०० आरपीएमलाच मिळतो, त्यामुळे तिसऱ्यातून दुसऱ्यात न उतरता गाडी पुढे जाते. मग वळण येतं. उंच गाडी तिथे आधी एका बाजूला कलते, मग सावरते, मग पुढच्या वळणाला दुसऱ्या बाजूला कलते. एन लाइन बसून राहते. मागच्या सीटवर माझी लेक असते, तिला आमच्या आधीच्या उंच गाडीत प्रत्येक घाटात मळमळायचं. या गाडीत ती झोपते. उतरताना चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, त्यामुळे पायाखाली शेवटपर्यंत विश्वास राहतो.

स्पीडब्रेकरचं म्हणाल तर तिरकी घ्यावी लागते, असं कधीच झालेलं नाही. खड्ड्यात सस्पेन्शन कडक लागतं, हे खरं आहे. त्या बदल्यात मला जे मिळतं ते मला जास्त मोलाचं वाटतं.

पिंपरीचा_प्रवासी

ताई, घाटाचं पटलं. पण तुमचा रोजचा रस्ता घाट नाही. वर्षातले बहुतेक दिवस गाडी सिग्नलवर आणि ट्रॅफिकमध्ये असते, हे तुम्हीही नाकारणार नाही. मी माझ्या मतावर ठाम आहे.

गॅरेजवाला_कोल्हापूर

भावांनो, जुनी घ्या म्हणणारे खाली येणारच आहेत, म्हणून आधीच सांगतो. जुनी पोलो जीटी किंवा अबार्थ घ्यायला पोरं रोज माझ्याकडं येत्यात. गाडी झकास, वाद नाही. पण पोलोच्या त्या कोरड्या क्लचच्या डीएसजीत मेकॅट्रॉनिक्स युनिट, म्हणजे गिअर बदलणारा कंट्रोलचा भाग, गेलं, की बिल लाखाच्या पुढं जातं. दुसरं, आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी बनवल्यात, ह्या जुन्या गाड्या नाहीत. रबरी पाइप, सील, इंधनाची लाइन, सगळं तपासत बसावं लागतंय.

नवी घेणार असाल तर ब्रेक बघून घ्या. एन लाइनला मागं डिस्क, रेसरला ड्रम. गाडी पळती किती हे सगळे विचारत्यात, थांबती कशी हे कुणी विचारत नाही.

आणि रिमॅप करून, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून, १२० चे १५० करायचा विचार असेल तर वॉरंटी गेली म्हणून समजा.

लेस्टरहून

इथे ब्रिटनमध्ये परिस्थिती याहून वाईट आहे, म्हणून लिहावंसं वाटलं. टोयोटा जीआर यारिस इथे २९,९९५ पौंडांपासून आली होती. २०२४ च्या नव्या मॉडेलची किंमत ४४,२५० पौंड लावली. साध्या पगारदार माणसाला परवडायची ती फोर्ड फिएस्टा एसटी तर २०२३ मध्ये फिएस्टाचं उत्पादनच थांबल्यामुळे संपली. तुमच्या एन लाइनपेक्षा वेगळी, २०४ पीएसची खरी आय२० एन इथे मिळायची, तीही बंद झाली. कंपनीला विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या कार्बन उत्सर्जनाची सरासरी मर्यादेत ठेवावी लागते, त्यात अशी गाडी महागात पडते, त्यामुळे जी उरते ती कंपनी महागच विकते.

तुमच्याकडे १२० पीएसची का होईना, पण नव्या नोकरीतला माणूस कर्ज काढून घेऊ शकेल अशी गाडी अजून मिळते. इथल्या तरुणांना ती सोय राहिलेली नाही.

ताम्हिणीकर (धागाकर्ता)

सगळं वाचलं. @टर्बो_कोथरूड, कराचं गणित तुम्ही नीट मांडलंत आणि त्यामुळे माझा राग कंपन्यांवरून कररचनेकडे वळला. पण गिऱ्हाईक म्हणून माझं गाऱ्हाणं तिथेच राहतं.

एन लाइनची पुढची पायरी कुठली, सांगा. मे २०२५ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय आणली, २६५ पीएस, शंभरचा वेग ५.९ सेकंदांत. किंमत ५३ लाख, तीही एक्स-शोरूम. महाराष्ट्रात अशा आयात गाडीला २० टक्के रोड टॅक्स, म्हणजे नुसता टॅक्सच दहा लाखांच्या वर. तेवढ्यात नवी स्विफ्ट दारात येते. १९७६ मध्ये पहिली गोल्फ जीटीआय आली ती ११० पीएसची, साध्या माणसाच्या आवाक्यातली वेगवान गाडी म्हणून. भारतात तीच गाडी आज कोण घेऊ शकतं?

दहा-बारा लाखांची एन लाइन आणि ५३ लाखांची जीटीआय यांच्या मध्ये साध्या माणसाच्या आवाक्यातली वेगवान हॅचबॅक म्हणून काहीच नाही. २०१६ मध्ये पोलो जीटीआय आणून बघितली, १.८ लिटर, पण तीन दरवाजे आणि २५.९९ लाख. विकली गेली नाही, शेवटी १९.९९ लाखांवर आणावी लागली. सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट तर आपल्याकडे आणलीच नाही, आणि स्विफ्ट हे नाव आपल्याकडे घराघरात आहे!

टर्बो_कोथरूड

मधल्या पोकळीबद्दल शंभर टक्के सहमत. पण त्या पोकळीचं खापर एन लाइनवर का? आणि मधली पायरी हवीच असेल तर डिकी असलेली घ्या. व्हर्टस जीटी किंवा स्लाविया, १.५ टीएसआय, १५० पीएस, २५० न्यूटन-मीटर. ४० टक्के कर भरूनही ती जीटीआयच्या निम्म्यापेक्षा कमी किमतीत येते.

नाशिकची_सुसाट

सेडान हा पर्याय गावात गाडी लावायला बरा नाही. आमच्या पंचवटीच्या गल्लीत चार मीटरचीच कशीबशी वळते.

ताम्हिणीकर (धागाकर्ता)

व्हर्टस चालवून बघितली आहे, इंजिन अप्रतिम आहे. पण मला हॅचबॅकच हवी आहे आणि सरकारने ती १२०० सीसीची रेघ १५०० वर नेली, तर १५ लाखांत १५० पीएसची हॅचबॅक याच चाकणमधून निघू शकते. तोवर एन लाइन ही ‘जे मिळतंय त्यातली बरी’ एवढंच मी म्हणेन. पैसा वसूल म्हणणार नाही.