एकांकिका माझी, प्रयोग दुसऱ्यांचा, लेखक म्हणून नाव तिसऱ्याचंच

वेताळवाडीकर: मंडळी सल्ला हवाय. कॉलेजसाठी एकांकिका लिहिली होती, तेव्हा स्क्रिप्टची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर बरीच फिरली. आता दुसऱ्या गावच्या एका ग्रुपने ती नाव बदलून तिकीट लावून केली, लेखक म्हणून त्यांचाच दिग्दर्शक आणि अख्खा प्रयोग यूट्यूबवर. आजीचं शेवटचं स्वगत तर शब्दन्‌शब्द माझं, त्यात आमच्या वाडीतल्या विहिरीचं नाव आहे तेसुद्धा तसंच ठेवलंय. विचारलं तर म्हणतात तू रजिस्ट्रेशन कुठे केलंयस, आमच्याकडे सेन्सॉरचं सर्टिफिकेट आहे. माझा खरंच काही हक्क नाही का?

तिसरीघंटा: आहे रे, पूर्ण आहे! लिहून काढलीस तेव्हाच कॉपीराइट तुझा झाला, १९५७ च्या कायद्यात रजिस्ट्रेशनची सक्ती नाहीये, केलं तर कोर्टात पुरावा म्हणून कामाला येतं एवढंच. आणि परिनिरीक्षण मंडळ, म्हणजे ते म्हणतात ते नाटकांचं सेन्सॉर, संहिता प्रयोगाला चालेल का ते बघतं, मालक कोण ते ठरवत नाही. हे सर्टिफिकेट दाखवून नवीन लेखकांना गप्प करतात त्याचा फार राग येतो.

विंगेतून: फक्त विषय सारखा असता तर अवघड होतं. आर. जी. आनंद या नाटककारांनी सिनेमावाल्यांवर केस केली होती, १९७८ ला सुप्रीम कोर्टात हरले, कारण कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. तुझं तर स्वगतच उचललंय, त्यामुळे विहिरीचं नाव सोडू नकोस.

वेताळवाडीकर: पण ते म्हणतात आम्ही हौशी संस्था, आम्हाला माफ असतं?

तिसरीघंटा: हौशी संस्थेला सूट आहे, कलम ५२ मध्ये, पण प्रेक्षक फुकट असेल तर (किंवा प्रयोग धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी असेल तर). यांनी तिकीट लावलं. व्हिडिओ नेटवर टाकणं तर त्या सुटीत बसतच नाही. आणि तुझं नाव काढणं वेगळा गुन्हाच समज, कलम ५७ प्रमाणे हक्क विकून टाकले तरी लेखक म्हणून नाव लावायचा अधिकार तुझाच राहतो.

विंगेतून: आधी पुरावे गोळा कर, पहिल्या ड्राफ्टचा ईमेल, कॉलेजचं ब्रोशर, त्यांच्या व्हिडिओचे आणि तिकिटाच्या पोस्टरचे स्क्रीनशॉट. मग यूट्यूबच्या कॉपीराइट फॉर्मवर तक्रार, स्वगत कितव्या मिनिटाला आहे ते लिहून. संस्थेला लेखी पत्र दे, नाव आणि मानधन दोन्ही माग. पुढे कुणी परवानगी मागितली तर किती प्रयोग, किती काळ, सगळं कागदावर घे, हक्क लिहून देताना मुदत टाकली नाही तर कायद्याने ५ वर्षं धरतात. पत्राचा मसुदा इथे टाक, आज रात्री बघून देतो.