मदत हवी आहे: "मोठ्याला सिकलसेल झालं, आता धाकट्याला होत नाही" हे घरच्यांच्या मनातून कसं काढू?

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात मानेवाड्याला राहते. दहावीनंतर कॉमर्स घेतलं, जीवशास्त्र तिथंच सुटलं. आता घरच्या एका गोष्टीसाठी ते पुन्हा उघडून बसले आहे आणि दोन-तीन ठिकाणी अडकले आहे. वेळ फार नाही, म्हणून इथं विचारते.

माझे दादा-वहिनी दोघंही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे एएस पॅटर्न, म्हणजे एक जनुक चांगलं (ए), एक आजाराचं (एस), नुसते वाहक. लग्नाच्या वेळी पत्रिका पाहिली, रक्त कुणी तपासलं नाही. त्यांचा मुलगा ६ वर्षांचा आहे, एसएस, म्हणजे दोन्हीकडून एस आलेला, आजार असलेला. मागच्या डिसेंबरात रात्री २ वाजता त्याचे पाय दुखायला लागले. थंडी वाढली की त्याचं हे ठरलेलं. वहिनी गरम पाण्याची पिशवी त्याच्या नडगीवर धरून बसली होती. पोरगं रडतही नव्हतं. "आई, हात नको लावू, पण उठून जाऊ पण नको," एवढंच म्हणत होतं. सकाळी भरती करावं लागलं.

आता वहिनीला पुन्हा दिवस गेले आहेत, ८ वा आठवडा चालू आहे. डॉक्टरांनी पोटातल्या बाळाची तपासणी करता येते असं सांगितलं, पण घरी कुणी तयार नाही. वहिनीची आई भंडाऱ्याकडची. तिचं म्हणणं, "चारात एकाले होते म्हने. मोठ्याले झालं ना, मंग आता बाकीच्याले कायले होईन? उगाच पोटात सुई कायले टोचाची?" माझ्या आईलाही हे पटलंय. दादा काही बोलत नाही, म्हणजे त्यालाही पटलेलंच बरं वाटतंय.

मला आतून वाटतं की हे चूक आहे. पण का चूक आहे ते सांगता येत नाही. शेजारच्या मुलीचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक आणून वाचलं. शरीरातल्या पेशीत ४६ गुणसूत्रं, म्हणजे जनुकं वाहणारे धागे, त्यांच्या २३ जोड्या. जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. अंडपेशी आणि शुक्राणू तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजन होतं आणि प्रत्येकात २३ च जातात. इथपर्यंत कळलं.

अडले ते इथं. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या सगळ्या अंडपेशी तिच्यात असतात असं वाचलं. मग कोणत्या अंडपेशीत एस आणि कोणत्या अंडपेशीत ए, हे वहिनी जन्मली तेव्हाच ठरलं असेल ना? आणि एक एसवाली अंडपेशी मोठ्याच्या वेळी संपली असेल, तर उरलेल्यांत एस कमी झाले, म्हणजे तिच्या आईचं थोडं तरी बरोबर ठरतं का? दुसरं, विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं एकमेकांशी तुकडे बदलतात असं लिहिलंय. त्यात तो एस तुटून जाऊ शकतो का? तिसरं, एक काका ठामपणे सांगतात की दादा ओ आणि वहिनी बी, रक्तगट जुळला नाही म्हणून पोराला हे झालं.

मला असं उत्तर हवंय जे मी संध्याकाळी जेवताना आईला सांगू शकेन.

प्रतिसाद १ (खडूफळा)

ताई, मी हा धडा २२ वर्षं शिकवतोय आणि तुमची पहिली शंका मुलांनी विचारावी अशी फार इच्छा असते. कुणी विचारत नाही. सविस्तर लिहितो.

सिकलसेलचं जनुक ११ व्या गुणसूत्रावर असतं. वहिनींच्या ११ व्या जोडीतलं एक ए घेऊन बसलंय, दुसरं एस. अंडपेशी होऊ घातलेल्या पेशीत आधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल तयार होते. म्हणजे ए, ए, एस, एस असे चार धागे झाले. मग पाठोपाठ दोन वेळा पेशी विभागते आणि चार धागे चार ठिकाणी जातात. पुरुषात त्या चारही पेशींचे शुक्राणू होतात, दोन एचे, दोन एसचे. बाईत मात्र चारांपैकी एकच अंडपेशी बनते. बाकीचे धागे अगदी चिमुकल्या पेशींतून बाहेर टाकले जातात आणि त्या विरून जातात. कोणता धागा अंडपेशीत राहील हे कुणी निवडत नाही. ए किंवा एस, निम्मी-निम्मी शक्यता.

आता तुमची शंका. अंडपेशी मुलगी आईच्या पोटात असतानाच तयार व्हायला लागतात हे खरं. पण तेव्हा विभाजन फक्त सुरू होतं आणि पहिल्याच पायरीवर, पूर्वावस्थेत, थांबतं. थांबतं म्हणजे वर्षानुवर्षं. वहिनींची या वेळची अंडपेशी त्यांच्या जन्माआधीपासून अशी अर्ध्यावर थांबून होती आणि तिच्यात ११ व्या जोडीतली दोन्ही गुणसूत्रं होती, ए आणि एस दोन्ही. त्या महिन्यात अंडं बाहेर पडण्याच्या जरा आधी पहिलं विभाजन पुरं झालं, आणि दुसरं पुरं झालं ते शुक्राणू आत शिरल्यावर. म्हणजे वाटणी वहिनींच्या जन्माच्या वेळी झालेली नव्हती, ती गेल्या दोन महिन्यांतली आहे. मोठ्याच्या वेळची वाटणी वेगळी, ही वेगळी.

आणि समजा, आधीच ठरलेलं असतं, तरी? जन्माच्या वेळी मुलीत अशा १० ते २० लाख पेशी असतात. त्यातली एक कमी झाल्यानं निम्म्या-निम्म्या प्रमाणात काय फरक पडणार?

दादांकडे तर हा प्रश्नच नाही. तिथं शुक्राणू सतत नव्यानं बनतात, एका खेपेला साधारण सव्वादोन महिने लागतात.

तुकड्यांच्या अदलाबदलीबद्दल: ती समोरासमोरच्या जागांचीच होते. दोन शेजारणींनी एकसारख्या डब्यांची झाकणं बदलावीत तसं. एस या गुणसूत्रावरून त्या गुणसूत्रावर जाईल, त्याचे शेजारी बदलतील, पण तो पुसला जात नाही. चार धाग्यांत दोन एस होते, दोनच राहतात.

प्रतिसाद २ (नमुनानळी)

मी प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून रक्तगटाचं मी सांगतो. ए-बी-ओ रक्तगटाचं जनुक ९ व्या गुणसूत्रावर आहे, सिकलसेलचं ११ व्या. दोन्ही जोड्यांची वाटणी स्वतंत्र होते. एकीचा दुसरीशी संबंध नाही. काकांना सांगा की दोघांचाही ओ असता तरी हेच झालं असतं. शिवाय ए रक्तगट आणि हिमोग्लोबिनचा ए पॅटर्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिपोर्ट घ्यायला येणारे बरेच जण इथं गोंधळतात.

मुळात बदल किती लहान आहे बघा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ दुवे असतात. त्यातला ६ वा बदलतो, ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. डीएनएतलं एक अक्षर बदलल्यानं. ऑक्सिजन कमी झाला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दांड्या तयार करतं आणि लाल पेशी कोयत्यासारखी वाकते. तुमच्या भाच्याचे पाय दुखतात ते अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्यामुळे. दादा-वहिनींकडे निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन चांगलं आहे, म्हणून त्यांना एरवी त्रास नाही आणि म्हणूनच लग्नाआधी कुणाच्या लक्षात आलं नाही.

एक विचारतो, तुम्ही स्वतः तपासलंय का? २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत हा आजार जास्त असलेल्या भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी ठरवली होती. विद्राव्यता चाचणी ही नुसती प्राथमिक, तिच्यावर थांबू नका; एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करा, त्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे दिसतात. विद्राव्यता चाचणीत एएस आणि एसएस वेगळे कळत नाहीत, बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक तर कळतच नाही. आणि एका बाजूनं एस, दुसऱ्या बाजूनं बीटा थॅलेसेमिया आला तरी बाळाला आजार होतो.

प्रतिसाद ३ (धागाकर्ती)

दोघांचेही मनापासून आभार. सर, "ही वाटणी गेल्या दोन महिन्यांतली" हे वाचून मी फोन खाली ठेवला आणि थोडा वेळ तशीच बसले. मीही एएस आहे, दादासोबतच तपासलं होतं. माझं लग्न ठरायचंय.

काल आईला सांगून पाहिलं. गुणसूत्र म्हटलं की ती "हो, हो" म्हणते आणि भाजी ढवळते. वहिनीची आई म्हणाली, "पन डॉक्टरच तं चारात एक म्हनते." तिथं माझं अडलं.

प्रतिसाद ४ (चांदणवेल)

ताई, मी उमरेडची. माझी दोन लेकरं, दोन्ही एसएस. आम्हालाही "आता तीन सुटले" असंच सांगितलं होतं आणि आम्ही ते धरून बसलो. दुसऱ्याचा रिपोर्ट हातात आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आपला हिशोब चुकला." हिशोब चुकला नव्हता, तो हिशोबच नव्हता. तुमच्या वहिनीला माझं नाव न सांगता हे जरूर सांगा. माझ्या नणंदेचं उलटंही आहे, दोघं एएस, तीन मुलं, एकही एसएस नाही. हेही सांगा, म्हणजे तिला नुसती भीती वाटणार नाही.

प्रतिसाद ५ (खडूफळा)

चांदणवेल, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं.

धागाकर्ती ताई, "चारात एक" हे चार लेकरांचं गणित नाही, प्रत्येक खेपेचं आहे. वडिलांकडून एस येण्याची शक्यता निम्मी, आईकडून येण्याची निम्मी, निम्म्याची निम्मी म्हणजे पाव. मेंडेलनं वाटाण्यांवर काम करून हे १८६६ मध्ये छापलं. त्याला गुणसूत्रं माहीत नव्हती. १९०२ च्या सुमारास वॉल्टर सटन हा विद्यार्थी नाकतोड्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. जोडीतली गुणसूत्रं वेगळी होऊन एकेका पेशीत एकेक जाताना त्यानं पाहिली आणि मेंडेलच्या गणिताला जागा सापडली. मला हे दरवर्षी शिकवताना नव्यानं आवडतं, राहवलं नाही म्हणून लिहिलं.

पण आईंना सटन नको. घरात अष्टचंगाचे चिंचोके आहेत का? फोडलेले, एक बाजू काळी, एक पांढरी. दोन घ्या. एक दादाचा, एक वहिनीचा. काळी बाजू एस, पांढरी ए. दोन्ही काळे पडले तर एसएस. तुम्ही टाकू नका, वहिनीच्या आईंना टाकू द्या. चिंचोका अगदी निम्मा-निम्मा पडेलच असं नाही, पण कळायला पुरतो.

प्रतिसाद ६ (धागाकर्ती)

केलं. आजीचे चिंचोके फराळाच्या जुन्या डब्यात सापडले. चटई टाकून बसलो, वहिनीपण आली. तिच्या आईनं हातात खुळखुळवून टाकले, पहिल्याच खेपेला दोन्ही काळे. सगळे गप्प. मी म्हटलं, मावशी, आता पुढचे तीन सुटले ना, टाका. एक काळा, एक पांढरा. मग दोन्ही पांढरे. मग पुन्हा एक-एक. मग दोन्ही काळे, आणि लगेच पुन्हा दोन्ही काळे. त्यांनी तो दुसरा काळा उचलून अंगठ्यानं घासला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "म्हंजे याले का मालूम, आधी का पडलं होतं थे."

आई त्यानंतर भाजी ढवळायला उठली नाही. दादानं स्वतः चिंचोके घेतले आणि किती तरी वेळ एकटाच टाकत बसला.

रात्री वहिनीनं मला विचारलं, तपासणीत एसएस निघालं तर? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

प्रतिसाद ७ (नमुनानळी)

ते उत्तर तुमचं नाहीच, दादा-वहिनींचं आहे, आणि समुपदेशनात त्यांच्यावर कुणी दबाव आणू नये. तपासणी केली म्हणजे पुढचं काही ठरलंच असं नसतं. एसएस निघालं आणि बाळ हवं असेल, तरी आधी कळण्याचा उपयोग असतो. बाळाला दोन-तीन महिन्यांचं झाल्यापासून पेनिसिलिन आणि वेळच्या वेळी लसी सुरू करता येतात. तान्हेपणी जंतुसंसर्गाचा धोका सगळ्यांत जास्त असतो.

नमुना वारेतून घेतात, साधारण १० ते १३ आठवड्यांत. ती वेळ गेली तर १५ आठवड्यांनंतर गर्भजलातून. कायद्यानं हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी ही तपासणी नोंदणीकृत केंद्रात करता येते, मुलगा की मुलगी हे मात्र सांगत नाहीत, विचारूही नका. गर्भ पडण्याचा धोका थोडा असतो, नाही असं म्हणणार नाही. तिथं किती नमुने घेतले आणि काय अनुभव आहे, हे दादांनी सरळ विचारावं. दोघांचे एचपीएलसीचे रिपोर्ट आणि मुलाचाही रिपोर्ट सोबत न्या.

प्रतिसाद ८ (धागाकर्ती)

तिन्ही रिपोर्ट एका फाइलीत लावले. गुरुवारची वेळ मिळाली आहे. वहिनीची आई पण येतो म्हणते, तिला डॉक्टरांना स्वतः विचारायचंय. दादानं सुट्टी टाकली.

चांदणवेल ताई, तुमचं वहिनीला वाचून दाखवलं. तुमची लेकरं आता कशी आहेत, असं तिनं विचारलंय.