म्युनिकच्या बिअर हॉलमध्ये माळकरी माणसाचं जेवण कसं जमवावं?

वाळूजवाला

मे-जूनमध्ये वाळूज एमआयडीसीतून आम्ही तिघं मशीनच्या ट्रेनिंगला म्युनिकला जायलोत. तिकडचे लोक संध्याकाळी बिअर हॉललाच नेतात म्हणे. एक जण माळकरी आहे, त्याला अंडं आणि दारू दोन्ही चालत नाही. दुसरा अंडं खातो. मला सगळं चालतं. तिघांना एकाच टेबलावर बसायचंय आणि माळकऱ्यावर नुसतं पाणी पीत बसायची वेळ येऊ द्यायची नाही. काय मागवावं, कशापासून जपावं, नीट सांगा.

गोदाकाठ

आधी फसवे पदार्थ ओळखा. मांसाचा तुकडा दिसला नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी असं तिथं नसतं. बव्हेरियातला बटाट्याचा सलाड मेयोनीजचा नसतो. उकडलेल्या बटाट्याच्या गरम चकत्यांवर मांसाचा अर्क ओततात, त्याला फ्लाइशब्र्यूए म्हणतात. बटाटा तो सगळा पिऊन टाकतो, म्हणून ताटात काहीच दिसत नाही. झाउअरक्राउट म्हणजे आंबवलेली कोबी, ती बहुतेक वेळा डुकराच्या चरबीत किंवा श्पेकच्या, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या, बारीक तुकड्यांसोबत शिजवलेली असते. जांभळ्या कोबीत चरबीसोबत कधी वाइनही पडते. फ्रेंच फ्राइजचं तेल श्निट्झेल, म्हणजे पावाचा चुरा लावलेला मांसाचा तुकडा, तळलेलं असू शकतं.

नुसतं 'वेगेटारिश', म्हणजे शाकाहारी, म्हणून भागत नाही, त्यात अंडं आणि चीज धरलेलं असतं. वेटरला तीन गोष्टी सुट्या सांगा: ओने फ्लाइशब्र्यूए, ओने श्पेक, ओने आय. म्हणजे मांसाचा अर्क नको, श्पेक नको, अंडं नको. कागदावर लिहून दाखवलं तर उत्तम, उच्चारात घोळ होत नाही.

अंडं खाणाऱ्याची सोय सोपी आहे. केझेश्पेत्झले घ्या: अंड्याच्या पिठाचे आखूड जाड शेवयांसारखे तुकडे, त्यात वितळलेलं चीज, वर कुरकुरीत कांदा. नाहीतर झेमेलक्नोडेल, म्हणजे शिळ्या पावाचे उकडलेले गोळे, मलईतल्या मशरूमसोबत. रायबरडाची म्हणजे किसलेल्या बटाट्याची थालीपीठंच समजा, सोबत सफरचंदाचा गोड गर येतो.

माळकऱ्यासाठी तुमचा महिना फार चांगला आहे. पांढऱ्या शतावरीचा, श्पार्गेलचा, हंगाम २४ जूनपर्यंत असतो. 'श्पार्गेल मिट बुटर' मागा, सोबत उकडलेले बटाटे येतात. हॉलंडेझ सॉस नको म्हणा, त्यात अंड्याचा बलक असतो. हॅमही नको म्हणून सांगा. शिवाय राडी आहेच: पांढरा मुळा सलग पातळ वेटोळ्यात कापून मीठ लावतात. लगेच खाल्ला तर नाकात झणझणतो. दहाएक मिनिटं थांबलं की वेटोळ्यांतून पाणी सुटून ताटलीत साचतं, उग्रपणा उतरतो आणि मुळा मऊ पडतो. ब्रेत्सेलसोबत, म्हणजे पीळ घातलेल्या खारट पावासोबत, छान लागतो. ब्रेत्सेलच्या पिठात कधी श्मालत्स, म्हणजे डुकराची चरबी, असते. तेवढं विचारा. ओबात्सडा हा कामंबेर चीज कालवून केलेला पदार्थ टाळलेला बरा: कामंबेरला बऱ्याचदा वासराच्या पोटातलं विरजण असतं आणि ओबात्सडात बिअरही घालतात.

पाचोड नाका

वरचं सगळं आतल्या हॉलचं झालं. माळकऱ्याला खरं सुख बिअर गार्डनमध्ये आहे, कारण तिथं घरची शिदोरी नेता येते. पेय मात्र त्यांच्याकडूनच घ्यायचं.

यामागं जुनं कारण आहे. १५३९ च्या नियमानं बव्हेरियात २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर गाळायला बंदी होती. म्हणून हिवाळ्यातली बिअर जमिनीखालच्या तळघरांत साठवायचे आणि वर चेस्टनटची झाडं लावायचे. सावली दाट आणि मुळं उथळ, तळघराला धोका नाही. लोक तिथंच बसून प्यायला लागले, तेव्हा शहरातल्या खाणावळवाल्यांनी तक्रार केली. १८१२ मध्ये राजानं ठरवून दिलं: बिअर विका, पण पावाखेरीज खायला काही विकायचं नाही. तेव्हापासून लोक डबा घेऊन येतात.

कुठं बसायचं ते टेबलावरून ओळखा. टेबलक्लॉथ असला की तिथं वेटर येतो आणि घरचं खाणं चालत नाही. उघडी लाकडी टेबलं आणि बाकं असली की बिनधास्त डबा सोडा. 'श्टामटिश' लिहिलेल्या टेबलावर बसू नका, ते रोजच्या मंडळींचं असतं. हिर्शगार्टन हे तिथलं सगळ्यात मोठं, सुमारे ८००० जागांचं. ग्लासवर बरेच ठिकाणी डिपॉझिट घेतात. टोकन मिळालं तर जपून ठेवा, ग्लासासोबत परत द्यावं लागतं. रोख पैसे जवळ असू द्या.

वाळूजवाला

म्हणजे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी चालंल? आणि पिण्याचं काय?

पाचोड नाका

एकदम चालंल. फक्त इथून दही, तूप, पेढे नेऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये न्यायला बंदी आहे. म्हणून दही न घालता धपाटे करा. तेही प्रवासात आणि पहिल्या दोन दिवसांत संपवा. पुढचे तिथं पीठ घेऊन ताजे लावा.

गोदाकाठ

माळकऱ्याला आप्फेलशोर्ले द्या: सफरचंदाचा रस आणि सोड्याचं पाणी. 'अल्कोहोलफ्राय' बिअर देऊ नका, जर्मनीत तिच्यात ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलं तरी तसं लिहिता येतं. साधं पाणी हवं असेल तर 'श्टिलेस वासर' म्हणा, नाहीतर सोड्याचं येतं. दोन्हीचे पैसे पडतात.

तुम्हा दोघांसाठी मास म्हणजे पूर्ण १ लिटर. हेलेस, म्हणजे तिथली फिकट रंगाची, बिअर साधारण ५ टक्के असते, म्हणजे एका मासात ५० मिली अल्कोहोल. आपल्याकडच्या ६५० मिलीच्या ७-८ टक्केवाल्या स्ट्राँग बाटलीत जवळपास तेवढंच असतं. हलकी लागते म्हणून दुसरा मास पटकन मागवायचा मोह होतो, आणि माणूस तिथंच चुकतो. अर्धा लिटर मागितला तर बऱ्याच ठिकाणी मिळतो, पण मोठ्या गार्डनमध्ये संध्याकाळी फक्त मासच देतात. ग्लासाच्या काचेवर १ लिटरची रेघ असते. फेस बसल्यावर बिअर रेघेच्या खाली राहिली तर निर्धास्त परत द्या, भरून देतात.

बिल देताना टिप टेबलावर ठेवून उठू नका. ३६ युरो झाले असतील तर नोट देतानाच '४०' म्हणा. तिघांचं वेगळं हवं असेल तर 'गेट्रेन्ट' सांगा. बाहेरच्या गार्डनमध्ये रात्री साडेदहाला देणं बंद होतं आणि अकराला उठावं लागतं, तेव्हा शेवटचं खाणं दहाच्या आतच घ्या.