काळ्या तांदळाचं पाणी टाकायचं की ठेवायचं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. सासूबाईंची साखर वाढलीय. कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) कधीच बंद केला, आता खडेबाजारातून काळा तांदूळ आणलाय. भिजत घातला तर पाणी पार जांभळं! हा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, जांभळाच्या सालीतलाच, आणि तो पाण्यात विरघळतो. म्हणजे पाणी ओतलं की गुणही मोरीत? पण त्याच पाण्यात कुकर लावला तर भात वर गिच्च, आत टणक. सासूबाई ताट बघूनच नाक मुरडतात. (कारळ्याची चटणी मात्र तितकीच काळी असून भाकरीबरोबर रोज चालते!) बेळगाव-खानापूरकडे कुणी नेहमी करतं का? पाणी किती, शिट्ट्या किती? आणि शेवटी तो भातच, तर एका वेळी किती वाढता? गोळ्या चालूच आहेत, त्या बंद करायचा सल्ला कृपया नको.