इझी रन नक्की किती स्लो पळायचा? आणि आधी अंतर वाढवू की स्पीड?

नमस्कार मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय.

वय 34, पळायला लागून वर्ष होत आलं. 10 किमीला 58 मिनिटं लागतात म्हणजे किमीला 5:48 मिनिटांचा पेस, आठवड्याला चार रन मिळून 30 किमीच्या आसपास होतात आणि त्यातला लाँग रन 12 चा. पाच महिन्यांनी हाफ मॅरेथॉन आहे, आणि 21 किमी नुसते पुरे करायचे नाहीयेत, शेवटचे चार-पाच पण नीट पळत संपवायचेत.

अडतंय ते इझी रनपाशी, म्हणजे दम न लागता आरामात पळायच्या रनपाशी. 7:15 च्या पेसला मी आख्खं वाक्य न थांबता बोलू शकतो, 6:30 ला तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावाच लागतो. म्हणजे बोलून बघायच्या टेस्टप्रमाणे 7:15 बरोबर, पण त्या पेसला पाय घासत चालल्यासारखे वाटतात, पावलं जड पडतात, आणि 6:30 ला तेच पाय एकदम हलके. हार्ट रेटवर सोडावं तर 220 वजा वय केलं की 186 येतं पण तो आकडा सरासरीचा, एकाच वयाच्या दोघांत 10-12 ठोक्यांचा फरक सहज असतो. त्यात मनगटावरचं घड्याळ पहिल्याच किमीला 170 दाखवतं जेव्हा मला धाप पण लागलेली नसते, बहुतेक ते ठोक्यांऐवजी पावलंच मोजत असावं. म्हणून माझा भरवसा बोलण्यावरच जास्त आहे.

दुसरं म्हणजे ते 80-20. व्यायामशास्त्राचे संशोधक स्टीफन सायलर यांनी टॉपच्या एन्ड्युरन्स खेळाडूंचं ट्रेनिंग बघून मांडलं की साधारण 80 टक्के सेशन्स सोपी असतात. पण त्यातले टॉपचे रनर आठवड्याला 150 किमीच्या वर पळतात हो! माझ्या 30 चे 20 टक्के म्हणजे जेमतेम 6 किमी, त्यात टेम्पो (सलग जरा जोरात पळणं) करू की इंटरव्हल्स (थोडं जोरात, मध्ये विश्रांती, परत जोरात)? की एवढ्या कमी मायलेजला हा हिशोबच लागू होत नाही?

आणि अंतर वाढवायचं म्हटलं की नडगी आड येते. लाँग रनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नडगीच्या आतल्या कडेला अंगठ्याने दाबत खाली आलं की वीतभर पट्टा दुखरा लागतो, एकाच ठिकाणी टोचत नाही, बसल्यावर दुखत नाही आणि पळायला लागलं की किलोमीटरभरात मोकळं होतं. एकाच बिंदूवर दुखलं किंवा बसल्या बसल्या दुखलं तर पळणं बंद करून डॉक्टर गाठायचा हे माहीत आहे. दम लवकर वाढतो, हाडं आणि टेंडनला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, हे आता अगदी पटतंय. त्यामुळे प्लीज 'बॉडीचं ऐक' एवढंच सांगू नका, कारण दम म्हणतो पळ आणि नडगी म्हणते थांब, मी कोणाचं ऐकू?

आठवड्याला 10 टक्के वाढवायचा नियम माझ्यासारख्याने पाळायचा, की तीन आठवडे वाढवून चौथ्याला कमी करायचं? 12 चा रन 14 करण्याऐवजी पाचवा दिवस 4 किमीचा जोडला तर नडगीला सोपं जाईल का? आणि 7:15 ला पाय जड पडतात त्यावर पावलं छोटी आणि भराभर टाकणं हा उपाय खरंच चालतो का, ज्यांनी स्वतः करून बघितलंय त्यांनी आपले पेस आणि किमी सकट लिहा प्लीज.