डिस्क्लेमर म्हणजे पळवाट नव्हे

म्युनिकवासी: युरोपियन पेटंटवरच्या कालच्या पोस्टमधलं वाक्य: “मूळ अर्जात नसलेला डिस्क्लेमर म्हणजे मागच्या दाराने नवा मजकूर, जी १/१६ ने पळवाट कायम ठेवली.” डिस्क्लेमर म्हणजे क्लेममधून, म्हणजे पेटंटमध्ये मागितलेल्या संरक्षणातून, एखादा भाग वगळणारं वाक्य; आणि ‘जी’चे आकडे म्हणजे युरोपियन पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळाचे निकाल. अहो, दुसऱ्याचा अर्ज आमच्या आधी दाखल झाला आणि प्रसिद्ध झाला नंतर, तरी तो आमच्या नवेपणाच्या आड येतो. आम्ही तो वाचणार कधी? जे ठाऊकच नव्हतं ते वगळणारं वाक्य मूळ अर्जात आणायचं कुठून? म्हणून तर २००४ च्या जी १/०३ ने मोजक्या वाटा ठेवल्या: असा आधी दाखल झालेला अर्ज, भलत्याच क्षेत्रातलं योगायोगाने आडवं आलेलं प्रायर आर्ट (आधीच जाहीर झालेली माहिती), आणि तांत्रिक नसलेल्या कारणाने पेटंट मिळत नाही तो भाग. २०१७ मध्ये जी १/१६ ने तेच कायम केलं. शिवाय डिस्क्लेमरने शोधात तांत्रिक भर घालायची नाही!

रेघओढ: आणि जी २/१०? स्वतःच्या अर्जात लिहिलेलं उदाहरण वगळलं, तर उरलेला भागही मूळ अर्जातून थेट, निःसंदिग्ध निघायला हवा. न लिहिलेलं वगळणाऱ्याला ती कसोटी नाही. सगळं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यालाच शिक्षा?

पुणेकरीण: तुमचं बरं आहे. आमच्याकडे भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती डिस्क्लेमर, करेक्शन किंवा एक्स्प्लनेशन याच मार्गाने, आणि नवा क्लेम जुन्याच्या आत बसायला हवा. युरोपातले क्लायंट इथे पेटंट न मिळणाऱ्या उपचारपद्धतीचे क्लेम पाठवतात, वर म्हणतात, प्रॉडक्ट क्लेम करून द्या. गेल्या वर्षी तीन रात्री त्यात गेल्या.

म्युनिकवासी: दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अ‍ॅलर्गन या औषध कंपनीला तेच करू दिलं ना?

पुणेकरीण: दिलं, पण तिथे प्रॉडक्ट, म्हणजे इम्प्लांट, स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातल्या सविस्तर वर्णनात) आधीच होतं. प्रत्येक फाइलमध्ये असतं का?

रेघओढ: विषय युरोपचा चाललाय, ताई.

पुणेकरीण: विषय दुरुस्तीचा आहे! रोज भोगतो आम्ही.

रेघओढ: मग माझंही ऐका. पॉलिमरचा क्लेम होता. दुसऱ्याच्या आधीच्या अर्जात एकच मिश्रण, ७ टक्क्यांचं. आमच्या वरिष्ठांनी डिस्क्लेमर लिहिला “५ ते १० टक्के वगळून”. पेटंट मिळालं. ऑपोझिशनमध्ये, म्हणजे पेटंटवर इतरांनी घेतलेल्या हरकतीत, ठरलं, गरजेपेक्षा जास्त वगळलंय. डिस्क्लेमर काढा किंवा ७ वर आणा, संरक्षण रुंदावतंच, म्हणजे युरोपियन पेटंट कराराचं कलम १२३(३) आडवं: मिळालेल्या पेटंटचं संरक्षण वाढवता येत नाही. जी १/९३ चा सापळा तो हाच: ठेवताही येत नाही, काढताही येत नाही. पेटंट गेलं. त्या दिवशी मी सुन्न बसून होतो.

म्युनिकवासी: वाईट झालं, मनापासून सांगतो. पण ७ लिहिलं असतं तर पेटंट टिकलं असतं. नियमाने नाही, त्या आकड्याने घात केला. जी २/१० ची तफावत मात्र मान्य, तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

रेघओढ: ७ लिहायला हवं होतं, हे मलाही मान्य. तफावतीवर मात्र मी हटणार नाही.